सिरिंज पंप म्हणजे काय? आयसीयूत बीपीचं औषध शिरेतून कसं देतात?

आयसीयूत कुणाला भेटायला गेला असाल तर बेडशेजारच्या स्टँडवर आडवी सिरिंज बसवलेलं एक छोटं मशीन पाहिलं असेल. हा सिरिंज पंप. कोणतं औषध, किती द्यायचं हा विषय डॉक्टरांचा, मी त्यात पडत नाही. पण ते अचूक पोहोचवायचं काम बरंचसं सॉफ्टवेअरचं आहे.

उदाहरण नॉरअॅड्रेनलिनचं घेऊ. सेप्सिसमध्ये बीपी फार खाली गेलं की हे औषध रक्तवाहिन्या आवळून ते वर आणतं. त्याचा हाफ-लाइफ जेमतेम दोन-अडीच मिनिटं. म्हणजे पंप थांबला तर काही मिनिटांत बीपी कोसळू शकतं, आणि जास्त औषध गेलं तर तितक्याच लवकर भडकतं. म्हणून इथे गोळीसारखा डोस नसतो, सतत चालणारा वेग असतो. बीपी कमी करणाऱ्या औषधांतही घाई चालत नाही. एकदम खाली आणलं तर मेंदूचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून बहुतेक पेशंटमध्ये पहिल्या तासात २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवत नाहीत.

आता गणित. ५० मिली सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध, म्हणजे १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. पेशंट ६० किलोचा, डोस किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. झाले मिनिटाला ६, तासाला ३६०. भागिले ८० केलं की उत्तर येतं तासाला ४.५ मिली.

पंपाची मोटर फक्त हा ४.५ पाळते. सिरिंजमध्ये खरंच ४ मिलिग्रॅम आहे की ८, हे त्याला कळत नाही. ८ असेल तर स्क्रीनवर सगळं ओके दिसेल आणि पेशंटला डबल डोस जात राहील. त्यामुळे सिरिंजवरचं लेबल आणि दोन नर्सनी वेगवेगळं तपासणं, हेच माझ्या मते इथलं सगळ्यात महत्त्वाचं सेफ्टी फीचर.

स्मार्ट पंपात ड्रग लायब्ररी असते, म्हणजे प्रत्येक औषधाच्या मर्यादांची यादी. ४.५ ऐवजी ४५ टाइप झालं तर सॉफ्ट लिमिट ‘नक्की का?’ विचारते, हार्ड लिमिट पुढे जाऊच देत नाही. पण लायब्ररी बायपास करून थेट मिली टाकले की हे कवच गेलं. (लिंक न बघता ‘अलाऊ’ दाबतो, तसंच.)

सॉफ्टवेअरही चुकतं. अमेरिकेच्या एफडीएकडे २००५ ते २००९ या काळात इन्फ्यूजन पंपांबाबत सुमारे ५६,००० तक्रारी आल्या. त्यात ‘की बाउन्स’चाही दोष होता: बटण एकदाच दाबलं, पंपाने अनेकदा दाबलं असं धरलं. २०१० मध्ये एफडीएने कंपन्यांसाठी नियम कडक करायला घेतले.

नातेवाईक म्हणून काय पाळायचं? अलार्म वाजला तर स्वतः म्यूट करू नका, सिस्टरना हाक मारा. स्टँड वर-खाली करू नका, पंपाची उंची बदलली की औषधाचा प्रवाह क्षणभर बदलतो. नळीला गाठ पडलेली दिसली तर तीही स्वतः सोडवू नका. अडलेलं औषध एकदम आत जाऊ शकतं. आणि मोबाइल चार्ज करायला बेडमागचा प्लग काढू नका. पंप लगेच बंद पडत नाही, बॅटरीवर चालत राहतो, म्हणूनच ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.