डायरीतलं दुखणं

डिसेंबर १८२२. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा नातू ऑगस्टस डेस्टे स्कॉटलंडला एका आप्ताकडे राहायला गेला. पोहोचला तर आप्त वारलेला. अंत्यविधी उरकला आणि त्याला अक्षरं नीट दिसेनाशी झाली. आलेली पत्रं दुसऱ्याने वाचून दाखवायची, उत्तरंही दुसऱ्यानेच लिहायची. डोळे सुधारले, पुन्हा बिघडले. पुढे पाय लटपटू लागले. सगळं त्याने डायरीत टिपून ठेवलं.

एका डॉक्टरचा उपाय? दिवसातून दोनदा गोमांस, वर शेरी! राजघराण्याला शोभेलसं पथ्य.

१८४८ मध्ये तो गेला. वीस वर्षांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर शार्कोने मेंदू आणि मज्जारज्जूतल्या कडक चट्ट्यांवरून मल्टिपल स्क्लेरोसिसला स्वतंत्र ओळख दिली; ऑगस्टसचं दुखणं हेच होतं, असं आज मानलं जातं. आजाराला आवर घालणारं इंटरफेरॉन बीटा अमेरिकेत मंजूर झालं ते थेट १९९३ साली.