‘ॲडव्हान्स्ड वेब डेव्हलपमेंट’चा अभ्यासक्रम ठरतो कसा? नेसरीच्या पोरांना त्यातून काय मिळायला हवं?

नेसरी म्हटलं की पहिलं नाव आठवतं सरसेनापती प्रतापराव गुजरांचं. २४ फेब्रुवारी १६७४ ला ते सहा साथीदारांसह नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाची ओळख आजही त्याच लढाईने होते.

आता आजच्या नेसरीत या. बारावी झालेली पोरं मोबाईलवर कॉलेजांची माहितीपत्रकं चाळतायत. बीसीए करायचं, बीएस्सी कॉम्प्युटर करायचं की अजून काही? त्यासाठी गडहिंग्लजला जायचं की थेट कोल्हापूरला? माहितीपत्रकात एक विषय हमखास दिसतो, ‘ॲडव्हान्स्ड वेब डेव्हलपमेंट’. नाव भारी वाटतं. पण या नावाखाली नक्की काय शिकवणार, ते कोण ठरवतं आणि कसं ठरवतं?

घरच्यांनी भरलेली फी आणि पोरांची तीन-चार वर्षं या उत्तरावर अवलंबून आहेत. म्हणून हे नीट समजून घेऊया.

अभ्यासक्रम नेमका कोण ठरवतं?

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९६२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. संलग्न कॉलेजातले सर किंवा मॅडम आपल्या मनाने अभ्यासक्रम बदलू शकत नाहीत.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्यात याची साखळी दिली आहे. प्रत्येक विषयाचं एक अभ्यास मंडळ असतं. त्यात प्राध्यापक असतात, बाहेरचे तज्ज्ञही असतात. हे मंडळ मसुदा करतं. तो विद्याशाखेकडे जातो आणि शेवटी विद्या परिषदेची मंजुरी लागते. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं, त्यामुळे तिथे बदल लवकर होऊ शकतात.

बीसीएच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटीही सुरू झाली. त्यामुळे अर्ज भरण्याआधी ‘या कोर्सला सीईटी लागते का’ हे विचारून घ्या.

हातात वेळ किती असतो?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सगळा हिशेब क्रेडिटमध्ये होतो. यूजीसीच्या आराखड्यानुसार एका सत्रात थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास.

समजा वेब डेव्हलपमेंटचा विषय ४ क्रेडिटचा आहे, २ थिअरीची आणि २ प्रात्यक्षिकाची. मग थिअरीला ३० तास आणि लॅबला ६० तास मिळतात. एकूण ९०. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २ तास वर्ग आणि ४ तास लॅब.

बस्स, एवढंच. खरी अडचण इथून सुरू होते. ९० तासांत काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे ठरवणं जास्त अवघड असतं.

मग चूक कुठे होते?

सोपा मार्ग म्हणजे बाजारात चालणाऱ्या साधनांची यादी करायची आणि ती पाच युनिटमध्ये वाटायची. कागदावर अभ्यासक्रम एकदम आधुनिक दिसतो. पण वेबच्या जगात साधनांचं आयुष्य किती असतं ते बघा.

एकेकाळी वेबसाइटवरचं ॲनिमेशन म्हणजे फ्लॅश. त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला. २०१० साली आलेलं अँग्युलर जेएस जगभर वापरलं गेलं. त्याचा सपोर्ट डिसेंबर २०२१ अखेर थांबला. इंटरनेट एक्सप्लोरर ११ जून २०२२ मध्ये निवृत्त झालं. यापैकी एखाद्या साधनावरच कुणाचा पूर्ण पेपर बेतलेला असेल, तर त्याचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

दुसरी बाजू पण बघा. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. तेव्हाची तीन मूळ अंगं होती: पानाची रचना सांगणारी एचटीएमएल, पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल आणि पान मागवण्या-पाठवण्याची पद्धत म्हणजे एचटीटीपी. तिन्ही सुधारली, पण आजही तीच आहेत. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत तयार केलेली जावास्क्रिप्ट आजही प्रत्येक ब्राउझरमध्ये चालते.

म्हणून चांगल्या नियोजनाचा पहिला नियम असा: जे टिकतं ते थिअरीत आणि परीक्षेत घ्यायचं, जे बदलतं ते लॅबमध्ये घ्यायचं. मंजूर अभ्यासक्रमात ‘एक प्रचलित फ्रंटएंड फ्रेमवर्क’ असं लिहिलं, तर आज शिक्षक रिॲक्ट शिकवतील आणि चार वर्षांनी दुसरं काही. त्यासाठी पुन्हा विद्या परिषदेपर्यंत जावं लागणार नाही.

नियोजन शेवटाकडून का करायचं?

ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ मध्ये अभ्यासक्रम आखण्याची एक पद्धत मांडली. आधी शेवट ठरवा. विद्यार्थ्याला सत्राअखेर काय करता आलं पाहिजे? ते आलं हे कशावरून ओळखायचं? ही दोन उत्तरं मिळाली की मग काय शिकवायचं ते ठरवा.

‘विद्यार्थ्याला वेब तंत्रज्ञान समजेल’ हे उद्दिष्ट निरुपयोगी आहे. समजलं की नाही हे मोजणार कसं? त्याऐवजी असं लिहायचं: ‘विद्यार्थी लॉगिन आणि डेटाबेस असलेलं एक वेब ॲप बनवेल, ते इंटरनेटवर चढवेल आणि त्यातली कुठलीही ओळ का लिहिली हे तोंडी सांगेल.’ हे तपासता येतं.

नेसरीचं उदाहरण घेऊन बघूया

प्रोजेक्ट म्हणून बहुतेक ठिकाणी ऑनलाइन शॉपिंगची नक्कल किंवा लायब्ररी मॅनेजमेंट दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरांकडे याहून चांगला प्रोजेक्ट गावातच आहे, दूध संस्थेचा हिशेब.

रोज सकाळ-संध्याकाळ दूध येतं. लिटर, फॅट आणि एसएनएफची नोंद होते, त्यावरून दर ठरतो आणि ठरावीक दिवसांनी बिल निघतं. हे घरोघरी माहीत आहे, वेगळं समजवायला नको. पण याचं वेब ॲप बनवायला बसलात की ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाचा अर्थ कळायला लागतो.

पैशांचा हिशेब: जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे काही संख्या नेमक्या बसत नाहीत. बिलात असं चालणार नाही. म्हणून रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवायची आणि दाखवताना रुपयांत बदलायची.

मराठी मजकूर: ‘नेसरी’ या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणू तीन. जावास्क्रिप्ट लांबी सांगते पाच, कारण युनिकोडमध्ये न, एकाराची मात्रा, स, र आणि दीर्घ वेलांटी हे पाच वेगळे घटक आहेत. यूटीएफ-८ मध्ये साठवताना प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण पंधरा. ‘नाव २० अक्षरांपेक्षा मोठं नको’ असा नियम इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिला, तर एखाद्या मराठी सभासदाचं नाव फॉर्ममध्ये मावणारच नाही.

सुरक्षा: सभासद १४१ ने लॉगिन केलं. पत्त्याच्या पट्टीत १४१ च्या जागी १४२ टाकलं आणि शेजाऱ्याचं बिल उघडलं. याला म्हणतात प्रवेश नियंत्रणातली चूक. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हा प्रकार पहिल्या क्रमांकावर आहे. लोकांची माहिती सांभाळणं ही आता कायदेशीर जबाबदारीही आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारताने २०२३ मध्ये केला.

रेंज: संस्थेत नेट गेलं तर दूध घ्यायचं थांबणार नाही. मग नोंद आधी मोबाईलमध्ये साठवायची आणि नेट आलं की सर्व्हरला पाठवायची. एकच नोंद दोनदा गेली तर काय करायचं, हेही आधीच ठरवावं लागतं.

१५ आठवड्यांची आखणी कशी दिसेल?

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टची ओळख आधीच्या सत्रात झाली आहे असं धरून एक नमुना:

- आठवडा १ आणि २: एचटीटीपी, ब्राउझर आणि सर्व्हरमधला संवाद, गिट, दृष्टिहीन व्यक्तीलाही वापरता येईल अशी पानाची रचना
- आठवडा ३ ते ५: जावास्क्रिप्ट सखोल, सर्व्हरकडून माहिती येईपर्यंत थांबण्याचं तंत्र, पैसे आणि मराठी मजकूर हाताळणं
- आठवडा ६ ते ८: सर्व्हर, डेटाबेस, एसक्यूएल, आलेल्या माहितीची तपासणी
- आठवडा ९ आणि १०: लॉगिन, पासवर्ड सुरक्षित साठवणं, नेहमीचे हल्ले आणि त्यांच्यापासून बचाव
- आठवडा ११ आणि १२: एक फ्रेमवर्क, एकच
- आठवडा १३: चाचण्या, वेग, संथ नेटवर ॲप चालवून बघणं
- आठवडा १४: ॲप इंटरनेटवर चढवणं, एचटीटीपीएस, बॅकअप
- आठवडा १५: सादरीकरण आणि तोंडी परीक्षा

फ्रेमवर्कला दोनच आठवडे का? कारण पाया पक्का असेल तर नवीन फ्रेमवर्क स्वतः शिकता येतं. उलट करायला गेलं तर फ्रेमवर्क बदललं की सगळं पहिल्यापासून.

लॅब, नेट आणि शेवटची एसटी

कागदावरचा अभ्यासक्रम सगळीकडे सारखा असतो, परिस्थिती सारखी नसते. कुणाकडे लॅपटॉप असतो, कुणाकडे फक्त मोबाईल. म्हणून मुख्य काम लॅबच्या ६० तासांत बसेल असंच आखायला हवं. ‘उरलेलं घरून करून आणा’ म्हटलं की लॅपटॉप नसलेली पोरं मागे पडतात.

प्रात्यक्षिक सलग दोन तासांचं हवं. एका तासात संगणक सुरू होऊन काम उघडेपर्यंत तास संपतो. दिवसातली शेवटची लॅब एसटीच्या वेळा बघून ठेवायला हवी, नाहीतर गावाकडची पोरं अर्ध्यातून उठतात. लॅबचं नेट बंद पडलं तरी काम अडायला नको. सर्व्हर त्याच संगणकावर चालवता येतो आणि एसक्यूलाइटसारखा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. दोन्ही फुकट आहेत.

कॉलेजात एखाद्या भागाचा शिक्षक नसेल तर ‘स्वयम’ हे सरकारी पोर्टल आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय स्वयमवरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात. त्यासाठी कॉलेज-विद्यापीठाची संमती लागते, ती आधीच विचारा.

एआय कोड लिहून देत असेल तर परीक्षा कशाची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तयार प्रोजेक्ट बघून मार्क देण्याची पद्धत अडचणीत आली. बंदी घालून हे सुटत नाही. मार्कांची वाटणी बदलावी लागते.

गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. बारा आठवडे थोडं थोडं वाढलेलं काम आणि शेवटच्या रात्री एकदम टाकलेलं काम, यातला फरक तिथे लगेच दिसतो. तोंडी परीक्षेत सर एक ओळ खोडतील आणि विचारतील, ‘आता काय बिघडेल?’ ज्याने काम केलंय तो सांगेल. एआयची मदत घेतली असली तरी चालेल, फक्त आपलं काम आपल्याला समजलेलं असलं पाहिजे.

प्रवेश घेण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. या विषयात लॅबचे तास किती आणि एका संगणकावर विद्यार्थी किती?
२. अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला?
३. डेटाबेस आणि सुरक्षा शिकवतात का, की फक्त पानं सजवायला शिकवतात?
४. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, आज इंटरनेटवर चालू असलेला एक तरी प्रोजेक्ट दाखवाल का?
५. मार्क कशावर आहेत, लेखी पेपरवर की केलेल्या कामावर?

मंजूर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या वेबसाइटवर मिळतो. तो डाउनलोड करा, युनिट वाचा, तास मोजा. चौथ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादी लिंक मिळाली तर ती आपल्या मोबाईलवर, आपल्या गावच्या रेंजमध्ये उघडून बघा. माहितीपत्रकापेक्षा ती लिंक तुम्हाला जास्त सांगेल.