नॉर्डिक देशांत संशोधन : शिष्यवृत्ती की पगारी पद?

पुणतांब्याचे नाव राज्यभर झाले ते १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे. गोदाकाठच्या या गावातील आणि परिसरातील अनेक मुले राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अथवा लोणीच्या महाविद्यालयांत शिकतात. परदेशी शिक्षण म्हटले की त्यांच्यापुढे अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया उभे राहते आणि पाठोपाठ शैक्षणिक कर्जासाठी तारण ठेवावयाची जमीनही. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड या पाच नॉर्डिक देशांचा विचार सहसा होत नाही. वास्तविक सहकार, दुग्धव्यवसाय, मृदा आणि पाणी हे तेथील संशोधनाचे जुने विषय आहेत. डेन्मार्कमधील पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ मध्ये सुरू झाली. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी त्यानंतर सुमारे सात दशकांनी झाली.

महाराष्ट्राचा या देशांशी असलेला विद्याव्यवहारही नवा नाही. डॉ. होमी भाभा १९३० च्या दशकात आयझॅक न्यूटन शिष्यवृत्तीच्या काळात काही दिवस कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्याकडे काम करीत होते. कासेगावला स्थायिक झालेल्या विदुषी डॉ. गेल ऑम्व्हेट यांनीही कोपनहेगनच्या आशियाविषयक अभ्याससंस्थेत अतिथी प्राध्यापक म्हणून काम केले.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. या देशांत शिक्षण फुकट असते, असे आजही सांगितले जाते. युरोपबाहेरील विद्यार्थ्यांसाठी ते आता खरे नाही. डेन्मार्कने २००६, स्वीडनने २०११, फिनलंडने २०१७ आणि नॉर्वेने २०२३ पासून शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. त्यामुळे एम.एस्सी.साठी जाणाऱ्यास शुल्कमाफी किंवा शिष्यवृत्ती मिळविणे क्रमप्राप्त ठरते. स्वीडनमध्ये सर्व विद्यापीठांसाठी एकच सामाईक अर्ज असतो. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सत्रासाठी त्याची मुदत जानेवारीच्या मध्यावर संपते आणि अर्जशुल्क ९०० क्रोनर आहे. शुल्कमाफीचा अर्ज मात्र बहुधा ज्या त्या विद्यापीठाकडे स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रवेश मिळाला म्हणजे सवलतही मिळाली, असे होत नाही.

पीएच.डी.ची गोष्ट अगदी निराळी आहे आणि आमच्या मते ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी खरी वाट हीच. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क येथे पीएच.डी.चा संशोधक हा बहुतांशी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. शुल्क नाही, दरमहा वेतन, त्यावर कर, हक्काची रजा. डेन्मार्कमध्ये हा काळ तीन वर्षांचा, स्वीडनमध्ये चार वर्षांचा, तर नॉर्वेत तीन आणि अध्यापनाची जबाबदारी असल्यास चार वर्षांचा असतो. त्यामुळे येथे ‘शिष्यवृत्ती’ शोधण्यापेक्षा ‘जागा’ शोधाव्यात. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर नोकरीच्या विभागात त्या वर्षभर जाहीर होतात. नॉर्वेतील जागा ‘जॉबनॉर्गे’वर, तर युरोपभरच्या ‘युरॅक्सेस’वर दिसतात. प्रत्येक जाहिरातीत विषय ठरलेला असतो. एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना पाठविण्याची आपल्याकडील प्रथा म्हणूनच निष्फळ ठरते. आपल्या कृषी विद्यापीठांच्या एम.एस्सी.त प्रबंध अनिवार्य असतो, ही तेथे जमेची बाजू आहे. त्या प्रबंधातील कोणते काम जाहिरातीतील कोणत्या प्रश्नाशी जुळते, हे एका पानात स्पष्ट लिहावे. सोबत गुणपत्रके आणि आपले काम प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन-तीन शिक्षकांची नावे द्यावी लागतात. मोठ्या पदावरील व्यक्तीच्या मोघम शिफारसपत्राला तेथे किंमत नसते. स्वीडनमध्ये सरकारी विद्यापीठाकडे आलेला अर्ज हा सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो, हेही ध्यानात असू द्यावे. या साऱ्या प्रक्रियेत मध्यस्थाला काहीच काम नाही, पीएच.डी.ची जागा मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे.

पीएच.डी. झालेल्यांसाठी युरोपीय संघाची मारी क्युरी पाठ्यवृत्ती आहे. पदवीनंतर आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि मागील ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे, अशी अट आहे. अर्ज यजमान संस्थेच्या साथीनेच होतो, म्हणून मुदतीच्या चार-सहा महिने आधी मार्गदर्शक गाठणे आवश्यक ठरते.

आपल्या सरकारी योजनाही आहेत. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी, तर ‘सारथी’ची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती मराठा-कुणबी समाजासाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांचाही समावेश आहे. ही बाब फार थोड्यांना ठाऊक असते. मात्र येथे एक अडचण आहे. या योजना जागतिक क्रमवारीवर बेतलेल्या आहेत. उप्साला येथील स्वीडिश कृषी विद्यापीठ शेती-वनशास्त्रात अग्रगण्य असले, तरी अशी एकशाखीय विद्यापीठे सर्वसाधारण क्रमवारीच्या निकषात बसतीलच असे नाही. शेतीच्या विद्यार्थ्याला शेतीचेच उत्तम विद्यापीठ नाकारणारा हा निकष बदलावयास हवा. तोवर अर्जापूर्वी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचून, कोपनहेगन, लुंड किंवा हेलसिंकी यांसारख्या बहुशाखीय विद्यापीठांतील कृषी व पर्यावरणविषयक अभ्यासक्रमही यादीत ठेवावेत. निवडयादी तेथील सत्र सुरू होण्यापूर्वी लागेल हे गृहीत धरू नये. प्रवेश पुढील वर्षापर्यंत लांबविता येतो का, याची विचारणा विद्यापीठाकडे आधीच लेखी करून ठेवावी.