एका कोपऱ्याची किंमत

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार एवढ्याच क्रियांनी जिची किंमत काढता येते, ती बहुपदी. आकडेमोड करणाऱ्याच्या दृष्टीने याहून सुलभ साधन नाही. म्हणूनच अवघड फलनाच्या जागी त्याच्याशी जवळजवळ जुळणारी बहुपदी ठेवण्याची प्रथा गणितात जुनी आहे. रशियन गणिती चेबिशेव यांनी वाफेच्या इंजिनातील दांड्यांच्या जोडणीचा विचार करताना १८५४ मध्ये नेमका प्रश्न मांडला: ठरावीक कोटीच्या बहुपदींपैकी जिची कमाल त्रुटी सर्वांत अल्प, ती कोणती?

पुढे १८८५ मध्ये बर्लिनच्या वायरस्ट्रास यांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, सिद्ध केले की मर्यादित अंतरालावरील कोणतेही संतत फलन बहुपदीने हवे तितके जवळून गाठता येते. ही ग्वाही मोठी होती. मात्र त्यासाठी किती कोटीची बहुपदी लागेल, हे तीत नव्हते.

उणे एक ते एक या अंतरालावर दोन फलने घेऊ. घातांकी फलनाचा आलेख सर्वत्र गुळगुळीत आहे. चौथ्या कोटीच्या बहुपदीनेही तेथे त्रुटी एक सहस्रांशाच्या आत येते. दुसरे केवल मूल्य, म्हणजे चिन्ह वगळून उरणारी संख्या. त्याचा आलेख दोन सरळ रेषांचा. शून्यापाशी मात्र टोकदार कोपरा. शाळकरी मुलासही समजणाऱ्या या फलनाला तीच अचूकता साधण्यास सुमारे २८० कोटीची बहुपदी लागते! बहुपदीला गुळगुळीतच वळता येते. कोपरा तिच्या स्वभावात नाही.

सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१४ च्या सुमारास दाखविले की येथे किमान त्रुटी आणि कोटी यांचा गुणाकार, कोटी वाढत जाता, एका निश्चित संख्येकडे झुकतो. ती ०.२७८ आणि ०.२८६ यांच्या दरम्यान आहे, हेही त्यांनी काढले. पायच्या वर्गमूळाच्या दुपटीचा व्यस्त, म्हणजे ०.२८२०९, याच पट्ट्यात येतो, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. तीच ती संख्या असावी, हा तर्क सुमारे सत्तर वर्षे टिकला. १९८५ मध्ये वर्गा आणि कारपेंटर यांनी संगणकाच्या साह्याने तो खोडून काढला. खरी संख्या ०.२८०१७ च्या जवळ निघाली.

त्याआधीच, १९६४ मध्ये, डोनाल्ड न्यूमन यांनी वेगळीच वाट दाखविली होती. दोन बहुपदींच्या भागाकाराची मुभा दिली, तर सहस्रांशाची अचूकता सत्तरीच्या आतील कोटीतच मिळते. तेव्हा एखादे फलन अवघड आहे असे म्हणण्यापूर्वी, ते कोणत्या साधनाला अवघड आहे, हे विचारणे अगत्याचे ठरते.