चलान, शेरा आणि बचाव : वाहनचालकाच्या हक्काची जडणघडण

रहदारीचा नियम मोडल्याबद्दल पोलिसाने कागद हाती दिला, म्हणजे मराठी माणूस ‘पावती फाडली’ असे म्हणतो. हा शब्दप्रयोग सहज रूढ झालेला असला तरी त्यात एक मोठा कायदेविषयक गैरसमज दडलेला आहे. पावती ही पैसे पोचल्याची असते. म्हणजे आरोप, त्याची शाबिती आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी उरकल्यानंतरची ती खूण होय. याच कागदाला सरकारी भाषेत ‘चलान’ म्हणतात. हा शब्द हिंदीतील ‘चलना’ या धातूच्या प्रयोजक रूपाशी निगडित असून माल, खजिना अथवा कैदी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रवाना करताना सोबत द्यावयाचा कागद, असा त्याचा जुना अर्थ आहे. या अर्थाने पाहता चलान म्हणजे प्रकरण न्यायालयाकडे रवाना झाल्याची खूण, निकाल नव्हे. ‘पावती’ आणि ‘चलान’ या दोन शब्दांमधील हे अंतर म्हणजेच वाहनचालकाच्या बचावाचे क्षेत्र होय. ते क्षेत्र कसे निर्माण झाले आणि आज ते का आक्रसत आहे, हे इतिहासाच्या साहाय्याने पाहणे उद्बोधक ठरेल.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडात होतो. कारण हिंदुस्थानातील मोटार कायद्याची अनेक कलमे तेथूनच आली. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरील यंत्रवाहनांस गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल एवढीच गती मोकळी ठेवली होती. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील वॉल्टर अर्नोल्ड या गृहस्थास ताशी ८ मैलांच्या वेगाने गाडी हाकल्याबद्दल एक शिलिंग दंड झाला. त्याच वर्षी ही मर्यादा १४ मैलांपर्यंत वाढली, आणि १९०३ च्या ‘मोटार कार ॲक्ट’ने ती २० मैलांवर नेली. तथापि या १९०३ च्या कायद्याचे खरे महत्त्व वेगमर्यादेत नाही. गाडीला क्रमांक आणि चालकाला परवाना या दोन्ही गोष्टी त्याने एकदमच आणल्या. क्रमांकामुळे गाडी ओळखता येऊ लागली. परवान्यामुळे माणूस लक्षात ठेवता येऊ लागला. दोषी ठरलेल्या चालकाच्या परवान्यावर अपराधाचा तपशील नोंदविण्याची तरतूदही याच कायद्यात होती. मात्र केवळ वेगमर्यादा ओलांडण्याचा पहिला व दुसरा अपराध तीतून वगळलेला होता. शिक्षेची स्मृती कोठवर ठेवावी, हा प्रश्न शेऱ्याच्या जन्माबरोबरच जन्मला होता, हे यावरून दिसून येईल.

वेगाचा अपराध हा चमत्कारिक अपराध आहे. चोरीचा माल सापडतो, जखम दिसते. वेग मात्र घडतो त्याच क्षणी नाहीसा होतो, आणि मागे उरते ते पाहणाऱ्याचे मत. म्हणून १९०३ च्या कायद्याने असा दंडक घातला की, वेगाविषयी केवळ एका साक्षीदाराच्या मतावर कोणासही दोषी ठरवू नये. त्याचा परिणाम म्हणून पोलीस स्टॉपवॉच घेऊन कुंपणाआड बसू लागले व मोजून ठेवलेले अंतर गाडीने किती सेकंदांत कापले ते टिपू लागले. या सापळ्यांची सूचना चालकांस देण्याच्या हेतूने १९०५ मध्ये ‘ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही संस्था लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे सायकलस्वार रस्त्यांवर उभे राहून चालकांना सावध करीत. अशी सूचना देणे हा पोलिसांच्या कामातील अडथळा नव्हे, असा निर्णय १९०७ मध्ये ‘बॅस्टेबल विरुद्ध लिट्ल’ या खटल्यात झाला. परंतु १९१० मधील ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ या खटल्यात नियम मोडीत असलेल्या चालकाला सावध करणे हा अडथळा ठरला. तेव्हा त्या संस्थेने युक्ती काढली: तिच्या सायकलस्वाराने सलाम केला नाही, तर सभासदाने थांबून कारण विचारावे! प्रसंग गमतीचा खरा. परंतु तो बचावाचा मार्ग नव्हता, केवळ निसटण्याचा होता. बचाव आणि निसटणे यांतील भेद न्यायालयांना त्या काळीच जाणवला होता.

दुसरा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९३० चा ‘रोड ट्रॅफिक ॲक्ट’. वेगाने वा बेपर्वाईने गाडी चालविल्याचा आरोप असल्यास चालकाला त्याच वेळी खटल्याची ताकीद मिळाली पाहिजे, अथवा चौदा दिवसांच्या आत नोटीस किंवा समन्स पोचले पाहिजे, असे त्यात ठरविण्यात आले. या नियमामागील विचार साधा आहे. मंगळवारच्या दुपारी अमुक चौकातून आपण कसे गेलो, हे माणसाला पंधरवडाभर आठवेल. सहा महिन्यांनी आठवणार नाही. ज्याला आठवत नाही तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, आणि ज्याला बचाव करता येत नाही त्याला दिलेली शिक्षा कायदेशीर असली तरी न्याय्य म्हणता येत नाही.

हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्याशिवाय गाडी चालविण्यास मनाई केली. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली, आणि त्यात वरील दोन्ही इंग्रजी तत्त्वे आली. पुढे १९८८ चा कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातही ही तत्त्वे कायम राहिली. कलम १८३ प्रमाणे वेगाविषयी एकाच साक्षीदाराचे मत यांत्रिक वा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीवर आधारलेले नसेल, तर केवळ त्यावरून शिक्षा देता येत नाही. कलम २०९ प्रमाणे वेगाच्या वा धोकादायक चालविण्याच्या अपराधात जागच्या जागी ताकीद, चौदा दिवसांत नोटीस किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स, यांपैकी एक तरी गोष्ट घडलेली असावी लागते. नाव-पत्ता वेळेत शोधणे शक्य नसेल, किंवा चालकाच्याच वर्तनामुळे विलंब झाला असेल, तर मात्र हा आधार मिळत नाही. याशिवाय, केवळ दंडास पात्र असलेल्या अपराधाची दखल सहा महिन्यांनंतर घेऊ नये, ही १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील मर्यादा २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली.

यानंतर शेऱ्याचा विचार केला पाहिजे. ‘शेरा’ हा अरबी-फारसी परंपरेतून आलेला, कचेरीत मुरलेला शब्द. कायद्याच्या मराठीत त्यालाच ‘पृष्ठांकन’ म्हणतात. परवाना पुस्तिकेच्या रूपात होता, तेव्हा चालकाचे सारे चारित्र्य त्या चार पानांत त्याच्या खिशात असे. हौशी मोटारमालकाला शेऱ्याची लाज वाटे. पगारी चालकाची मात्र त्यावर भाकरी अवलंबून असे, कारण नोकरी देणारा शेठ प्रथम पुस्तिका उघडून पाही. म्हणून कायद्याने स्मृतीबरोबर विस्मृतीचीही सोय केली. १९८८ च्या कायद्याच्या कलम २५ प्रमाणे शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकाला कोरा परवाना मागण्याचा हक्क आहे. शेरा केवळ वेगमर्यादेचा असेल, तर एक वर्षच पुरते. अपात्रतेचा काळ मात्र या मुदतीत धरला जात नाही. सुधारलेल्या माणसाला त्याच्या जुन्या चुकीने जन्मभर बांधून ठेवू नये, हा यातील आशय आहे.

या व्यवस्थेत आणखी एक दार आहे, ते कबुलीचे. कलम २०८ प्रमाणे आरोपीने ठरलेल्या तारखेपूर्वी पत्राने गुन्हा कबूल करून रक्कम पाठविली, तर त्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, आणि त्या कबुलीपायी तो परवान्यास अपात्रही ठरत नाही. परंतु काही विहित अपराधांत पत्राबरोबर परवानाही पाठवावा लागतो, कारण त्यावर शेरा मारावयाचा असतो. पाकिटात परवाना घालणारा माणूस क्षणभर तरी थांबून विचार करी, की हे मला खरोखर मान्य आहे काय?

हा थांबा आज नाहीसा होत आहे. सप्टेंबर २०१९ पासून दंडाच्या रकमा वाढल्या, कॅमेऱ्याने देखरेख करण्याची तरतूद कायद्यात आली आणि परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही अस्तित्वात आणण्याचे ठरले. ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी कॅमेऱ्यावरही बंधने घातली: साधनास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे व ते दरवर्षी नवे करावे, त्या टापूपूर्वी सूचनाफलक असावा, छायाचित्रात अपराध व क्रमांक स्पष्ट दिसावा, आणि सूचना पंधरा दिवसांत पाठवावी. १९३० चे चौदा दिवस व २०२१ चे पंधरा दिवस यांतील सातत्य सहज ध्यानात येईल. नागपूर येथे २०२० मध्ये महाराष्ट्रातील वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालयाचेही उद्‌घाटन झाले. परंतु कॅमेरा क्रमांक पाहतो, माणूस पाहत नाही. चलान गाडीच्या मालकाकडे जाते. शेरा मात्र पडावयाचा तो चालविणाऱ्यावर. १९०३ ने एकत्र आणलेल्या क्रमांक व परवाना या दोन गोष्टी अशा रीतीने पुन्हा दूर झाल्या आहेत. गाडी कोण चालवीत होते, हे सांगण्याचे मालकाचे कर्तव्य कलम १३३ मध्ये आहे. ते न बजावता मालकाने बोटाच्या एका स्पर्शाने दंड भरून टाकला, म्हणजे खरा चालक बाजूला राहतो आणि आरोप तपासला न जाताच मिटतो.

बचावाचा हक्क हा बेशिस्तीस दिलेले अभयदान नव्हे. ज्याने तांबडा दिवा ओलांडला त्याने दंड भरावा, हेच योग्य. परंतु छायाचित्र पाहणे, तारीख व स्थळ ताडणे, नोटीस मुदतीत आली काय ते मोजणे, फलक होता काय ते विचारणे, आणि शंका असल्यास न्यायालयापुढे उभे राहणे, या गोष्टी शतकाहून अधिक काळाच्या अनुभवातून चालकास मिळाल्या आहेत. न वापरलेला हक्क पुस्तकात राहतो. व्यवहारातून मात्र तो हळूहळू नाहीसा होतो. चलानाला पावती समजणाऱ्या समाजात तो लवकर नाहीसा होईल, एवढाच या इतिहासाचा इशारा आहे.