बंगळुरूची नदी कुठे गेली?

‘बंगळुरूला नदी नाही’ असं तिथं राहणारी बरीच मराठी माणसंही सांगतात. मला ते निम्मंच खरं वाटतं. आज उरलेल्या निम्म्याबद्दल बोलू.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, चढाच्या माथ्यावर वसलं आहे. माथ्याच्या पश्चिमेचा पाऊस वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतो. पूर्वेचा पाऊस दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूकडे जातो. माथ्यावरच्या गावाला मोठी नदी मिळणार कुठून? म्हणून १५३७च्या सुमारास केंपेगौडांनी पेठ वसवली, तेव्हा तळीही बांधली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात आणि तळी जोडणाऱ्या मोठ्या ओढ्याला ‘राजकालुवे’. वरचं तळं भरलं की जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात जायचं. शेताला पाणी कधी आणि किती सोडायचं, हे ‘नीरगंटी’ पाहायचा. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीतला पाटकरी आठवा.

या कथेत आपली माणसंही आहेत. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला त्यांनी एक गाव इनाम दिलं. त्याचा १६६९चा शिलालेख आहे. या देवळासमोरच नंदीतीर्थ आहे. तिथं नंदीच्या मुखातून पाणी पडतं आणि तो वृषभावतीचा एक उगम मानला जातो.

मग नदी हरवली कशी? माझ्या मते नळामुळे. १८९६ मध्ये हेसरघट्टा तलावाचं पाणी शहरात आलं, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं आणि १९७४ मध्ये थेट कावेरीचं, सुमारे १०० किलोमीटरवरून. पाणी दुरून येऊ लागल्यावर जवळची तळी म्हणजे नुसती मोकळी जागा वाटू लागली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक झालं, संपंगी तळ्यात कंठीरव स्टेडियम उभं राहिलं. घराघरांत वापरलेलं कावेरीचं पाणी मात्र सांडपाणी होऊन याच ओढ्यांत उतरलं. पावसाळी वृषभावती बारमाही झाली, पण गटार म्हणून.

पाणी आपली वाट विसरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर परिसर बुडाला आणि आयटीतले लोक ट्रॅक्टरवरून कामाला निघाले. ती दृश्यं देशानं पाहिली. पण राजकालुव्याकाठच्या झोपड्यांत पाणी शिरणं ही जुनीच गोष्ट आहे. तिकडे खाली, बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात वृषभावती शहराची घाण घेऊन पोचते आणि तेच पाणी शेतात जातं.

आता दुरुस्तीचे प्रयत्न सुरू झालेत. ‘के-१००’ प्रकल्पात मॅजेस्टिक ते बेळ्ळंदूर असा सुमारे १० किलोमीटरचा राजकालुवे घेतला आहे. आधी सांडपाणी वेगळं काढायचं, मग काठाने पायवाटा आणि झाडं, असा तो क्रम. भूदृश्यरचनेचं खरं काम हेच. नुसती उंच भिंत बांधली तर पाणी वेगानं पुढच्या वस्तीत जातं. उतरता काठ, गवत आणि पाणथळ जागा असेल तर ते थांबतं, पसरतं, मुरतं.

पण काठ सुंदर झाला की जमिनीचा भाव वाढतो आणि तिथला गरीब उठवला जातो. म्हणून अशा कामाकडे पाहताना मी दोन प्रश्न विचारतो. काठावरची जुनी माणसं तिथंच राहिली का? आणि खालच्या शेतकऱ्याला पाणी कसं मिळालं? या दोन्हींची उत्तरं नीट नसतील, तर आपण फक्त बाग केली, नदी नाही.

पुण्याची मुठा असो की मुंबईची मिठी, प्रश्न तेच आहेत. तुमच्या घरामागच्या नाल्याचं जुनं नाव म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. नाव असलेला प्रवाह बुजवणं जरा जड जातं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.