'किमान' कौशल्याची गोष्ट

आमच्या घोडपदेवात 'शिकलेला' आणि 'कामाचा' ही दोन वेगळी माणसं समजली जात. एका अंगाला गिरण्या, दुसऱ्या अंगाला गोदी आणि माझगाव डॉक. म्हणजे हाताला काम शिकवणाऱ्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, फक्त त्यांवर शाळेची पाटी नव्हती.

गिरणीतली पद्धत साधी. गावाहून आलेला पोरगा काका-मामाच्या मागोमाग साचेखात्यात शिरायचा, जॉबरची मर्जी सांभाळायचा, बदलीवर राबायचा आणि काही वर्षांनी नुसत्या आवाजावरून साच्याचं दुखणं ओळखायचा. परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही.

गंमत म्हणजे कागद देणारी संस्थाही एके काळी हाकेच्या अंतरावर होती. १८८७ साली निघालेलं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, १९२३ मध्ये माटुंग्याला जाईपर्यंत भायखळ्यातच होतं. कापडाचं शास्त्र तिथे शिकवत. पण ते शिकून पोरं साच्यावर उभी राहत नसत, साच्यावर उभ्या असलेल्यांवर देखरेख करत.

ही दरी शाळेतच बुजवावी, हे १९३७ च्या वर्धा योजनेपासून सांगितलं जातंय. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही तेच सांगितलं. टेक्निकल हायस्कुलं त्याच वळणाची. आठवीपासून गणित-विज्ञानाच्या जोडीला कानस, व्हाइस आणि ड्रॉइंग बोर्ड. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून निघालेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. पोरगा एसएससी होता होता फिटिंग शिके आणि डिप्लोमाचं दारही उघडं राही.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी नव्याने काय लिहिणार? एवढंच म्हणेन, की वीस-वीस वर्षं साचे चालवलेली माणसं नोकरीच्या अर्जातल्या 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी अडली. हातात हुन्नर होता, पण तो लिहायचा कुठे? शेजारच्या माझगाव डॉकमध्ये मात्र शिकाऊ भरती आठवी, दहावी, आयटीआय अशी कागद बघूनच होते. न्यू हिंद मिलच्या जागेवर आता म्हाडाच्या इमारती आहेत. त्या गिरणीत किती जण काय काय शिकले, याची नोंद कुणीच ठेवली नाही.

सरकारी आकड्यांची कथा तर आणखीनच निराळी. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटलं, दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे जावीत. १९८६ च्या धोरणाने ते १९९० पर्यंत १० आणि १९९५ पर्यंत २५ टक्क्यांवर आणलं. १९९२ मध्ये ही मुदतही पाच-पाच वर्षं पुढे ढकलली. त्याच काळात आपल्याकडे अकरावी-बारावीला एमसीव्हीसी आलं. पूर्ण नाव 'किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम'. किमान! सरकारनेच जे 'किमान' म्हणून बारसं केलं, त्याला आईबापांनी कमाल मानावं तरी कसं? आर्ट्स, कॉमर्स, सायन्स कुठेच नाही जमलं तर एमसीव्हीसी, अशी समजूत रुजली ती रुजलीच. खरं तर त्यात वर्कशॉप होतं, प्रत्यक्ष कामाचा अनुभव होता, आणि १९८६ च्या दुरुस्तीमुळे अशा मुलांना शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनासह उमेदवारीही करता येत होती.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात आकडा पुन्हा वर गेला: २०२५ पर्यंत निदान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख. फक्त ओळख हं!